साकवाच्या नारळाचा दगड

मी कोळवणकडच्या ओढ्याकाठचा काळा दगड बोलतोय. जरा दमानं ऐका, माझ्याच्यानं आता फार बोलवत नाही.

मी मुळात धुणं धुवायचा दगड. धनगरवस्तीवरची बयाबाई नवी नवरी होऊन आली, तेव्हा रोज माझ्यावर टाचा घासायची. पलीकडच्या शाळेत जाणारी वस्तीवरची पोरं ओढ्याचं पाणी उतरेपर्यंत माझ्यावर बसून घोकायची, "लोकसभेत महाराष्ट्राचे खासदार पंचेचाळीस." त्यांच्या आधीची पोरं चव्वेचाळीस म्हणायची. पुढं अठ्ठेचाळीस झाले, ते आजतागायत. बरं वाटायचं हो! म्हटलं, दिल्लीत आपली माणसं वाढतायत, एखाद्याला तरी आपला ओढा दिसेल.

दिसला की! एक खासदार आले, म्हणाले, इथं साकव बांधू, म्हणजे पोरं पायी पलीकडे जातील. भूमिपूजनाला मला धुतलं, हळदकुंकू लावलं आणि माझ्यावर नारळ फोडला. टाळ्या झाल्या, गाड्या गेल्या. पुढच्या निवडणुकीआधी दुसरे आले. पुन्हा हळदकुंकू, पुन्हा नारळ. मध्ये मतदारसंघांच्या हद्दी बदलल्या. नवे खासदार म्हणाले, "आधीचं आम्हाला माहीत नाही," आणि त्यांनीही नारळ फोडला. सोसून सोसून माझ्या डोक्याला खळगा पडला. साकव काही आला नाही.

त्यात भलतंच झालं. इतक्या पूजा बघून लोक मला देवच समजायला लागले. कुणी शेंदूर फासला, कुणी नवस बोललं. बायांनी धुणं दुसरीकडं नेलं. पोरंसुद्धा बसेनात. फार एकटं वाटायचं.

आणि यंदा साकव खरंच मंजूर झाला! जेसीबी आला. पाया घ्यायचा तो नेमका माझ्याच जागी. सरपंच वाल्मीक आडवा उभा राहिला. "देवाला हात लावायचा न्हाई. साकव ऱ्हायला तरी चालंल."

"मग मी मशीन घेऊन चाललो," जेसीबीवाला म्हणाला.

माझ्या काळजात चर्र झालं. दगडाला कसलं काळीज म्हणाल, पण झालं. बयाबाईची नात सोनिया दप्तर घेऊन तिथंच उभी होती. ओढा भरला की तिची शाळा बंद. गेल्या पावसाळ्यात तर वाहून जाता जाता वाचली पोरगी. आता माझ्यापायी तिचा साकव जाणार होता.

तेवढ्यात बयाबाई काठी टेकत आली. चप्पल काढली, माझ्यावर पाय ठेवला, पाणी ओतलं आणि टाच घासायला लागली.

"मावशे, देव हाय त्यो!" वाल्मीक ओरडला.

"गप ए! दगुड हाय. नवी नवरी व्हते तवापास्नं वळखते मी याला. देव असता तर पयल्याच नारळाला साकव दिला असता."

तिची टाच शेंदरानं लाल झाली. वाल्मीक खाली मान घालून बाजूला झाला.

किती वर्षांनी माणसाचा पाय लागला अंगाला! जेसीबीवाल्या दादा, आता मला उचल आणि साकवाच्या पायात टाक. माझ्या डोक्यावरून सोनियाला शाळेत जाऊ दे. अठ्ठेचाळीसांतले कुणी उद्घाटनाला आले, तर नारळ तेवढा दुसऱ्या दगडावर फोडा. मी दमलोय.