अनिबालला धरून ठेवलेली दोरी

सप्टेंबरात अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्यावर खडकांशी पट्टेरी बास मासा येतो. त्या दिवसांत अनिबाल फुर्तादो आणि डेलिओ रेझेंदिस यांना सकाळी घरात कुणी शोधत नसे. दोघेही पोर्तुगालच्या आझोर्स बेटांवरून पोरवयात आलेले, एकाच कापडगिरणीत राबून म्हातारे झालेले. अनिबाल सत्तरीतही खडकावर बोकडासारखा चढे. डेलिओचा एक गुडघा मात्र कामातून गेला होता.

त्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं, वारा पडलेला. वादळ दूर भर समुद्रात होतं, इथे त्याच्या नुसत्या लाटा पोचत होत्या. बराच वेळ काहीच नाही, मग एकामागून एक थोराड लाटा.

"आज खालच्या खडकावर उतरायचं नाही," डेलिओ म्हणाला.

"तू काय माझी बायको आहेस?"

"तुझ्या ओदिलियानंच सांगितलंय, लक्ष ठेव म्हणून."

"मग डोळे उघडे ठेव आणि तोंड बंद."

दोघांनी लसणीच्या सॉसेजचा पाव अर्धा-अर्धा खाल्ला आणि गळ टाकले. उजाडल्यावर डेलिओच्या काठीला हिसका बसला. मासा मोठा होता. त्याला खडकापर्यंत ओढता ओढता डेलिओचे दंड भरून आले, पण वर उचलायला कुणीतरी खाली जायला हवं होतं.

"राहू दे, दोरी कापतो," डेलिओ म्हणाला.

"असला मासा सोडतोस? अक्कल गहाण टाकलीस की काय?" आपली काठी डेलिओच्या पायाशी ठेवून अनिबाल उतरलासुद्धा. त्यानं माशाच्या कल्ल्यात बोटं घातली आणि हसत वर पाहिलं. त्याच्या पाठीमागे पाणी उभं राहिलेलं डेलिओला दिसलं. त्यानं हाक मारली, पण ती पोचेपर्यंत खडक रिकामा झाला होता.

अनिबाल बराच आत, समुद्रात, पाण्यावर आला. छातीपर्यंतच्या रबरी विजारीत पाणी भरत होतं. डेलिओला पोहता येत नव्हतं. त्यानं मासा अडकलेली आपली काठी टाकली, अनिबालची उचलली आणि तिच्या दोरीच्या टोकाचा, आमिषाचा लाकडी मासा नेम धरून फेकला. पहिल्यांदा नेम चुकला. दुसऱ्यांदा तो अनिबालच्या पलीकडे पडला, आणि ओढताना त्याचे गळ अनिबालच्या जाकिटात खांद्याशी रुतले.

आता माणूस दोरीला होता. एवढ्या दोरीनं त्याला खडकावर ओढून घेणं शक्य नव्हतं. लाटांनी तो कपारीत आपटू नये, बाहेर वाहून जाऊ नये, एवढंच डेलिओला करता येत होतं. एका हातानं काठी पोटाशी दाबून त्यानं दुसऱ्या हातानं तटरक्षकांना फोन लावला. बोट निघाली, असं पलीकडची बाई म्हणाली.

मग आणखी एक लाट आली. दोरी ताणली, तशी डेलिओचे बूट शेवाळावरून घसरले आणि तो बसल्या बसल्या कडेपर्यंत ओढला गेला. ते अनिबालनं पाहिलं.

"सोड," तो म्हणाला. आवाज ओरडल्यासारखा नव्हता.

"गप रे. बोट येतेय."

"डेलिओ, सोड."

डेलिओनं टाच एका फटीत रोवली आणि दोरी मुठीभोवती गुंडाळली. तो बोलत राहिला. गिरणीच्या मुकादमाला शिव्या दिल्या, अनिबालच्या नातीच्या लग्नात नाचायचं ठरवलं. थोड्या वेळानं अनिबालची मान पाण्यात पडली. तरी डेलिओ बोलतच होता. बोटीतल्या माणसांनी अनिबालला वर घेतलं आणि दोरी कापली, तेव्हाच त्याचा हात सैल झाला. दोरी मांसात रुतली होती.

धक्क्यावर ओदिलिया आली. चादर बाजूला करून तिनं नवऱ्याचे ओले केस नीट केले. मग डेलिओकडे वळली.

"खाली का जाऊ दिलंस त्याला?"

तिनं चादर पुन्हा वर ओढली. 

दफनाला ती त्याच्याशी बोलली नाही. पुढच्या आठवड्यात मात्र पालेभाजीच्या सूपचं भांडं घेऊन दारात उभी राहिली. पट्टी बांधलेल्या हातानं डेलिओला चमचा धरवेना, तेव्हा तिनं तो काढून घेतला.

"काही बोलला का तो?" तिनं विचारलं.

"सोड म्हणाला."

ओदिलियानं चमचा भरला, त्याच्या तोंडाशी नेला. "त्याचं कधी कुणी ऐकलंय," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.