पाच नंबरची शांत मुलगी

किशोरवयीन मुलांच्या वॉर्डात खाटा आठ आणि त्रास सात खाटांचा. चार नंबरवाला दारं आपटायचा, सहा नंबरवाली सकाळी उठल्यापासून रडायला बसायची, दोन नंबरचा गोळ्या गालात लपवण्यात तरबेज. पाच नंबरची सोळा वर्षांची मुलगी तेवढी गुणाची. वेळेवर उठायची, ताट धुऊन ठेवायची, गोळी गिळून न सांगता जीभ दाखवायची. तिच्या खाटेपाशी आलं की ड्युटीवरच्या माणसाचा जीव भांड्यात पडायचा.

थोरल्या सिस्टर या वॉर्डात एकोणीस वर्षं होत्या. तोंडानं फटकळ, कामाला वाघ, आणि स्वतःच्या नजरेवर भारी विश्वास. त्या दुपारी नर्सिंग कॉलेजातली एक बाई रेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडे आली. नैराश्य आलेल्या मुलांना औषधापलीकडे काय लागतं, याबद्दल नर्सना काय वाटतं, हा तिचा अभ्यासाचा विषय. सिस्टर सुटल्याच. गोळीनं झोप लागते, पण मूल माणसात यायला माणूसच लागतो. त्याच्याजवळ बसावं लागतं, घरच्यांना बोलवावं लागतं, शाळेशी बोलावं लागतं. आणि इथे तिघींचं काम एकीच्या गळ्यात, तर बसायचं कधी? सगळं खरं होतं, आणि सांगताना त्यांना छानही वाटत होतं.

बाईनं एखादं उदाहरण मागितलं. सिस्टरनी पाच नंबरचं दिलं. अकरा दिवसांपूर्वी आली तेव्हा अंथरुणातून उठत नव्हती, आज चार वाजता वडील घरी न्यायला येतायत.

"काय बोलते ती तुमच्याशी?" बाईनं सहज विचारलं.

सिस्टर सांगायला गेल्या आणि अडल्या. चार नंबरच्या शिव्या त्यांना पाठ होत्या. पाच नंबरचं 'हो सिस्टर' सोडून एक वाक्य आठवेना.

मुलाखत आवरती घेऊन त्यांनी फाइल काढली. रोजच्या तीन पाळ्या, तीन नोंदी. शांत आहे, सहकार्य करते, तक्रार नाही, बोलणे झाले. पाळी बदलताना वरची नोंद वाचायची आणि तीच खाली उतरवायची, ही वॉर्डाची जुनी खोड. प्रत्येकीला वाटलं, आधीची बोललीय. त्यातल्या नऊ सह्या खुद्द थोरल्या सिस्टरच्या होत्या, आणि याच कागदांवर विसंबून डॉक्टरांनी डिस्चार्ज दिला होता. तीन वाजायला दहा मिनिटं होती.

मुलगी पिशवी भरून खाटेच्या कडेला बसली होती. सिस्टरनी खुर्ची ओढली.

"इतके दिवस मी तुला काही विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "आता विचारते. मरावंसं वाटतं का अजून?"

मुलीनं पिशवीचा बंद सोडून पुन्हा बांधला. मग म्हणाली, "हो. आल्यापासून तसंच आहे. तुम्हा सगळ्यांना एवढी कामं, त्यात माझी भर कशाला? म्हटलं, घरी गेलं की..."

ते वाक्य सिस्टरनी पुरं करून घेतलं. घाई न करता, एकेक प्रश्न विचारून. वीस मिनिटं लागली. अकरा दिवसांत ती वीस मिनिटं कुणालाच सापडली नव्हती, आणि याची सिस्टरना मनापासून लाज वाटली. हे डॉक्टरांना आणि बाबांना सांगावं लागेल, असं मुलीला सांगूनच त्या उठल्या. धाकट्या सिस्टरला तिच्याजवळ बसवलं, हलायचं नाही म्हणून बजावलं.

सिस्टरचं ऐकून डॉक्टरांनी फाइल पुढे सरकवली. सगळं ठीक आहे असं तुम्हीच लिहिलंय ना, म्हणाले. निसटायला वाट होती. आजच अचानक बिघडली म्हणायचं, की झालं. पण मग घरी जायच्या धास्तीनं होतं असं, म्हणून डॉक्टरांनी डोस वाढवून मुलीला घरी पाठवलंही असतं.

"मी न विचारताच लिहिलं," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या नोंदींवर जाऊ नका."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि डिस्चार्जच्या कागदावर आडवी रेघ मारली. खोट्या नोंदींबद्दल मेट्रनचा मेमो येणार हे दोघांनाही ठाऊक होतं.

चारला वडील आले. मुलीचे घरचे कपडे इस्त्री करून आणले होते. सिस्टरनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून सगळं सांगितलं, स्वतःची चूक न वगळता. ते ताडकन उभे राहिले.

"अकरा दिवस तुम्ही करत काय होतात?"

सबबी पुष्कळ होत्या, त्यातल्या निम्म्या खऱ्या होत्या. सिस्टरनी एकही काढली नाही.

"ती गप्प होती," त्या म्हणाल्या. "म्हणून आम्हाला बरं वाटत होतं."

वडिलांना आणखी बरंच सुनवायचं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण ते कपड्यांची घडी मांडीवर घेऊन हळूच खाली बसले.

"आम्हालाही," ते म्हणाले.