अकरा कोष

अकरा कोष, आणि अकराच्या अकरा पोकळ! प्रत्येकाला टाचणीएवढं भोक, आणि बरणीच्या तळाशी तिळाहून बारीक गांधीलमाश्यांचा खच. फुलपाखरू एकही नाही.

त्या जातीचं फुलपाखरू अठरा वर्षांत कुणी पाहिलेलं नव्हतं. कोष सापडले बरणीपुढे बसलेल्या बाईच्या बाबांना, म्हणजे निवृत्त शाळामास्तरांना, घराच्या कुंपणावरच्या वेलीवर. ते म्हणत होते, "राहू दे गं तिथंच." पण ही पडली कीटकतज्ज्ञ! "बाबा, पक्षी खातील. माझ्या प्रयोगशाळेत सुखरूप राहतील," म्हणत ताजे, मऊ कोष उचलून घेऊन आली.

ही माशी कोषाला टोचून आत अंडी घालते आणि तिच्या अळ्या तो आतून फस्त करतात. प्रश्न एवढाच, की ही टोचणी झाली कुठं? वेलीवरच झाली असेल, तर नशीब म्हणून गप्प बसायचं. पण शेजारच्या फळीवर पिकांवरच्या किडीसाठी वाढवलेल्या, परदेशातून आणलेल्या माश्यांच्या बरण्या होत्या, आणि त्यातल्या दोनचार माश्या सुटतातच. रानातल्या माशीचे मागचे पाय काळे, परदेशी माशीचे पिवळे.

तिने पहिली माशी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. पिवळे. दुसरी. पिवळेच. चाळीस माश्या पाहिल्या बाईने, जणू एकीला तरी तिची दया येणार होती!

शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "अगं, पण कोषांच्या बरणीच्या तोंडाला मलमल होती ना?"

मलमल कुठली! कोषांना हवा मिळावी म्हणून तिनेच मलमल काढून मच्छरदाणीची जाळी बांधली होती. त्या जाळीतून ही माशी आरामात ये-जा करते, हे नवख्यांना पहिल्या दिवशी हीच शिकवायची. मायेपोटी अक्कल गहाण ठेवली, दुसरं काय!

वहीत तिने खरं तेच लिहिलं. तेवढ्यात बाबांचा फोन.

"अगं ऐक! एक कोष मी तुझ्यापासून लपवून ठेवला होता, रागावू नकोस. फुटला तो! मादी आहे. तीन दिवस एकटीच वेलीभोवती घिरट्या घालतेय बिचारी. मी म्हटलं, धीर धर बाई, तुझी मंडळी माझ्या लेकीकडे आहेत. कधी आणतेस? फार दिवस नाहीत गं तिच्याकडे."

तिला हुंदका आवरेना. "बाबा, कुणीच यायचं नाही आता. मी मारले सगळे."



"हळू बोल," बाबा म्हणाले. "मी वेलीपाशीच उभा आहे."