दोनशे सतराव्या झाडाचा पिंजरा

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी एक जुना, गंजका लोखंडी पिंजरा आहे. पोपटाचा नव्हे, वाघाचा तर नव्हेच. झाडाचा. रस्त्याच्या कडेला रोपाभोवती उभा करतात ना, तो. माझ्या पोटावर पत्र्याची पाटी आहे आणि तिच्यावर आकडा आहे, दोनशे सतरा. या पाटीनेच घात केला. पण ते पुढे येईलच.

माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. आठ उभ्या सळया, तीन गोल कड्या आणि वरून हिरवा रंग. त्या काळात शहर तापायला लागलं होतं. उन्हाळा नकोशा पाहुण्यासारखा लवकर यायचा आणि जाता जात नसे. म्हणून बागखात्याने गल्लोगल्ली सावली करायचं ठरवलं. हजार झाडं, हजार पिंजरे. मला एका अरुंद गल्लीत रोवलं. आत गुडघ्याएवढं शिरीषाचं रोप. भाषणं झाली, फोटो निघाले. फोटोत रोप दिसतच नव्हतं, दिसत होतो मी! काय फुशारलो होतो म्हणून सांगू.

माझ्या समोरच तळमजल्यावर एका ताईची खोली होती. ताई शिवणकाम करायची. खिडकीशी मशीन, मागे खाट आणि खाटेवर तिचे म्हातारे बाबा. पाय गेल्यामुळे त्यांना उठता येत नसे. खिडकी पश्चिमेची. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. ताई चादर भिजवून खिडकीला टांगायची, ती तासाभरात कडकडीत वाळायची.

रोप लावणाऱ्या माळीकाकांना तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, सावली कधी पडेल हो?"

"पाच वर्षं तरी धरा, ताई."

"बाबा, ऐकलंत का? पाच वर्षं कुठे जायचं नाही!"

"मी कुठे जातोय?" आतून आवाज आला. "मला चालता येतंय का?"

माळीकाका दर आठवड्याला टँकरबरोबर यायचे. गल्लीत भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंट ओतलेलं, पावसाचं पाणी मुरायला जागाच नव्हती. झाडाला टँकरचाच आधार. पाणी घालून झालं की काका माझ्या सळयांतून हात आत घालून बघायचे. पहिल्या वर्षी अख्खा हात जायचा. तिसऱ्या वर्षी तळवाच गेला. "पोरगं भरलं," ते म्हणाले, "आता हा अंगरखा काढायला हवा."

पाहणीला साहेब आले, तेव्हा काकांनी विषय काढला.

"पाटी कशावर आहे?" साहेबांनी विचारलं.

"पिंजऱ्यावर."

"मग पिंजरा काढला की झाड यादीतून गेलं. यादीत नाही, त्याला टँकर नाही."

"साहेब, पाटी झाडाला बांधू की."

"तशी सोय नाही. मोजणी पिंजऱ्यांची होते."

बिचारे काका! इकडे आड, तिकडे विहीर. पिंजरा काढावा तर झाड तहानेने जाणार, ठेवावा तर गळफास बसणार. शेवटी म्हणाले, "यंदाचा उन्हाळा काढू, मग बघू." हे 'मग बघू' मी पुढची चार वर्षं ऐकलं.

दरम्यान सावली ताईच्या खिडकीपर्यंत पोचली. मित्रांनो, त्या दुपारी बाबा म्हणाले, "आज पंखा बंद कर गं, मला पानांचा आवाज ऐकू दे." ताई मशीन थांबवून नुसती बसून राहिली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस तो. त्याच दिवशी माझ्या सळया झाडाच्या सालीला टेकल्या होत्या.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी माळीकाका लोखंड कापायची करवत घेऊन आले. आता बोटसुद्धा आत जात नव्हतं. त्यांनी करवतीचे दात माझ्या सळईवर टेकवले. काप रे बाबा, काप एकदाचं, असं मला झालं होतं. तेवढ्यात ताई धावत आली.

"काका, काय करताय? पाणी बंद होईल ना!"

"ताई, हा पिंजरा झाडाला खातोय."

"अहो, पण उद्यापासून तुम्हीही नाही. पाण्यासाठी मी कुणाच्या पाया पडू? एवढा उन्हाळा जाऊ द्या. बाबांसाठी तरी."

काकांनी सळईवरून करवत उचलली. ती पिशवीत घालत म्हणाले, "चुकतंय हे." आणि गेले. मी ओरडू शकलो असतो तर!

त्यानंतर झाडाने मला गिळायला सुरुवात केली. सालीचे ओठ सळयांवरून आले. ते वाढत होतं आणि मी आवळत होतो. शेंड्याची पानं पिवळी पडली, फांद्या झडल्या. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, ते कुंपण मी. तिसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी गरम वारा सुटला आणि झाड माझ्या वरच्या कडीपाशी काडकन मोडलं. बागखात्याचे लोक आले, पडलेलं तोडून घेऊन गेले. माझ्यातला बुंधा तसाच राहिला, कारण पिंजऱ्याला हात लावायचा त्यांना हुकूम नव्हता.

ऊन परत खिडकीत आलं. ताई पुन्हा चादरी भिजवू लागली. अकराव्या दिवशी दुपारी मशीन अचानक थांबलं आणि मग ताईचा हंबरडा ऐकू आला.

बाबांना नेल्यावर ती माझ्यापाशी आली. मी तापून लाल झालो होतो, तरी तिने दोन्ही हातांनी माझ्या सळया धरल्या. "मीच नको म्हटलं," ती म्हणाली. "काका कापत होते, मीच नको म्हटलं." तिच्या तळव्यांना चटके बसत होते आणि मला थंड होता येत नव्हतं.

पुढच्या महिन्यात मोजणीवाला आला. त्याने स्कूटरवरूनच पाटी वाचली आणि दोनशे सतरापुढे खूण केली. मग टँकर आला. बुंध्यावर पाणी पडायला लागलं.

"अहो, मेलंय ते!" ताई खिडकीतून म्हणाली.

"यादीत आहे, ताई," टँकरवाला म्हणाला आणि पाणी सोडत राहिला.

मित्रांनो, माझ्यासाठी काही करू नका, माझी ती लायकी नाही. पण तुमच्या रस्त्यावर माझा एखादा भाऊ उभा असेल, तर सळई आणि झाड यांच्यामध्ये बोट घालून बघा. जात नसेल तर मोठ्यांना हाक मारा, करवत मागा, आणि कुणी 'मग बघू' म्हणालं तर ऐकू नका. माझ्यात आजही बोट जात नाही. झाड मेलं, तरी मी त्याला सोडलेलं नाही.