शेवटाआधीची बस

मास्तरांनी आयुष्यभर नाटकं पाहिली, पण एकाचाही शेवट पाहिला नाही. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते. थाप कसली, बसचं वेळापत्रक! रविवारी त्यांच्या वस्तीकडे जाणारी शेवटची बस नाट्यगृहासमोरून संध्याकाळी सुटायची, आणि दुपारचा खेळ काही केल्या तिच्याआधी संपायचा नाही. बस चुकली की नदीपलीकडे तंगडतोड. त्यामुळे शेवटच्या अंकात सगळं ऐन रंगात आलं की बायको कोपर मारायची, आणि दोघं वाकून, लोकांची बोलणी खात, रांगेतून बाहेर पडायची. वर्षानुवर्षं हेच.

मास्तर शिंपी. बायको त्याच दुकानात काज-बटण करायची. आठवडाभर मान मोडून काम आणि रविवारी बाल्कनीतल्या कडेच्या दोन खुर्च्या. नाटक असो, ऑपेरा असो, जे लागेल ते. ऑपेराची भाषा दोघांनाही ओ की ठो कळायची नाही. मास्तर निम्मा वेळ नटांच्या कोटांचे खांदे बघायचे, "बाही कुठल्या गाढवाने चढवलीय," म्हणून कुजबुजायचे, आणि ती त्यांना गप्प करायची. खरी मजा बसमध्ये. शेवट माहीत नाही म्हटल्यावर तो आपणच करायचा, आणि त्यावरून घरापर्यंत भांडायचं. कंडक्टरलाही त्याची सवय झाली होती.

आता ती बस बंद झाली, दुकान गेलं, आणि बायको पुढच्या खोलीत पलंगावर. डॉक्टरांनी औषधं कमी केली होती. का कमी केली, हे विचारायचं मास्तरांनी टाळलं होतं. उठवणं, बसवणं, पुसणं, भरवणं यात ते इतके दमले होते की उभ्या उभ्या डोळा लागायचा. दमल्याची वर लाज वाटायची, कारण आजारी ती होती.

अशात लेकीने बातमी आणली, बंदरावरच्या बाईचा तो ऑपेरा परत लागलाय. दोघांचा सगळ्यात लाडका. बाई गाठोडं घेऊन धक्क्यावर उभी, बोट भोंगा देतेय, मागून नवरा हाका मारतोय, आणि नेमकी तिथेच उठायची वेळ. जितक्यांदा लागला तितक्यांदा तिथेच उठले.

"तुम्ही जाऊन या," बायको म्हणाली.

"तुला सोडून? वेड लागलंय का?"

"लेक आहे ना. अहो, ती बोटीत चढते की नाही, तेवढं मला कळू दे. मला आता फार थांबता यायचं नाही."

मास्तर गेले. जावयाने गाडीने सोडलं आणि "संपेपर्यंत मी इथेच आहे बाबा, घाई करू नका," असं बजावलं.

शेवटचा अंक आला. धक्का, गाठोडं, नवरा. भोंगा वाजला आणि मास्तर उठले. कोणी कोपर मारलं नव्हतं, काही नाही. पाय आपले उठले. गुडघे सांभाळत, 'सॉरी, सॉरी' करत, जिना उतरून, रस्ता ओलांडून ते बसथांब्याच्या जागी जाऊन उभे राहिले, तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं. थांबा तर कधीच उखडला होता. मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. असा माणूस शोधून सापडायचा नाही.

परत धावले. धावले म्हणजे आपलं त्या गुडघ्यांनी जमलं तेवढं. तर दारवान आत सोडेना.

"खेळ चालू असताना बाहेर गेलं की परत घेत नाही, आजोबा."

"माझी बायको आजारी आहे हो."

"मग घरी जा ना," तो म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं?

आतून टाळ्या ऐकू आल्या. लोक बाहेर पडू लागले, तशी मास्तरांनी एका जोडप्याला गाठलं. "चढली का हो ती?" "कोण?" म्हणत ती दोघं पुढे निघून गेली. दुसऱ्या कोणाला विचारायचं त्राण उरलं नव्हतं. गाडीत जावई म्हणाला, "थांबा, फोनवर बघतो." मास्तर म्हणाले, "राहू दे. काय सांगायचं ते मला माहितीय."

बायको उशी उंच करून वाटच बघत होती.

"पाहिलं?"

"पाहिलं ना, पार शेवटपर्यंत." मास्तर खुर्चीत टेकले. "भोंगा झाला. बाईने एक पाय फळीवर ठेवला. तेवढ्यात नवरा म्हणाला, अगं, मी एकटा काय करू? आणि तिने गाठोडं खाली ठेवलं. दोघं घरी गेली. काय टाळ्या पडल्या!"

तिने उशीवरच मान हलवली.

"हे तुम्ही केलेलं आहे."

"नाही गं."

"बसमध्येही असंच करायचात. कोणी जायला निघालं की ओढून परत आणायचात. माझं कधी चालू दिलंत?" एवढ्यानेच तिला धाप लागली. मास्तरांनी घोटभर पाणी पाजलं. मग तिने त्यांचा हात धरून ठेवला. "दमली असेल हो ती. किती वर्षं उभी आहे धक्क्यावर. या वेळी चढू द्या तिला."

मास्तरांना रडू आलं, आणि त्यांनी ते आवरलंही नाही. लेक दारापर्यंत आली आणि तशीच मागे फिरली.

"आणि नवऱ्याचं काय?" त्यांनी विचारलं.

"जेवेल, झोपेल, सकाळी उठेल."

मास्तरांनी मोकळ्या हाताने तिचं पांघरूण सारखं केलं.

"चढली," ते म्हणाले.