सड्यावरचा विनंती थांबा

छत्रीचे लोखंडी टोक गाडीच्या पत्र्यावर टेकले की एक बारीक, कोरडा आवाज होतो. टक्. मग पायरीवर जपून टाकलेले पाऊल, दांडीवर चांदीच्या अंगठीची किणकिण, आणि इंजिनाच्या सगळ्या खडखडाटाखालून वाट काढत आलेला एक मऊ प्रश्न, ‘बसू काय?’ सड्यावरचे, त्या उघड्या कातळपठारावरचे, गवत वाळून सोनेरी झालेले, कातळ अजून तापायचा आहे, अशा पावणेनऊच्या उन्हात हे आवाज मी आठ वर्षे ऐकले. माणूस गेला की आधी त्याचा आवाज विसरतो म्हणतात. गफूरचाचांच्या बाबतीत ते खोटे ठरले, आणि खरे ठरले असते तर फार बरे झाले असते असे मला हल्ली वाटते.

आम्ही देवरूखच्या गाडीचे जुने प्रवासी. मी निवृत्त शिक्षिका. थोरली बहीण देवरूखला एकटी असते, तिच्यासाठी आठवड्यातून तीनदा रत्नागिरीहून जाते. यशवंतभाऊंचा उभा जन्म पोफळीच्या वीजघरात गेला. जनित्रांच्या घरघरीने त्यांचे दोन्ही कान नेले, त्यामुळे ते गुपितेसुद्धा अख्ख्या गाडीला ऐकू जातील अशीच सांगतात. आणि तिसरे गफूरचाचा. तीस वर्षे मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होते. पायाखालची जमीन हलणार नाही याची त्यांना म्हातारपणीही खात्री नसावी, असे चालत. संगमेश्वरला त्यांच्या लेकीचे, नजमाचे, शिलाईचे दुकान आहे. तिथे बसून ते दिवसभर काजबटण करत.

गाडीत कसे वागावे हा आमचा न संपणारा विषय. खिडकी उघडताना मागच्याला विचारावे की नाही, मोबाइलवर मोठ्याने बोलणाऱ्याला कसे गप्प करावे, संत्र्याची साल कुठे टाकावी. मी यात शाळा भरवल्यासारखी बोलते हे मला ठाऊक आहे. यशवंतभाऊ प्रश्न एक ऐकत आणि उत्तर भलत्याचेच देत. चाचा मात्र फारसे बोलत नसत. ते वागून मोकळे होत. शेजारची जागा पूर्ण रिकामी असली तरी तिच्यापाशी क्षणभर उभे राहायचे, किंचित झुकायचे आणि विचारायचे, ‘बसू काय?’ मगच बसायचे.

‘अहो चाचा, कोणाला विचारता? वाऱ्याला?’ मी एकदा हसून म्हटले होते.

‘रिकामी दिसते म्हनून कोन नाय आसं कशावरनं, बाई?’ ते म्हणाले. ‘बोटीवर एकेक जागा आसायची. तिथं बसनारा मागच्या सफरीला पान्यात गेलेला. इचारल्यावाचून कोन बसायचा नाय. इचाराया काय जातंय?’

भर सकाळी, पंचवीस माणसांत, माझ्या अंगावर काटा आला होता. त्यांनी मात्र खिशातून वेलदोडे काढून एक मला, एक यशवंतभाऊंना दिला आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

त्यांचा थांबा सड्यावर होता. विनंती थांबा, म्हणजे कोणी हात केला किंवा आतून कोणी सांगितले तरच गाडी थांबणार. तिथे शेड नाही, फक्त चिऱ्याच्या दगडांनी रचलेला एक पडका गडगा, कमरेइतका उंच. माणूस बसला की त्याच्याआड दिसेनासा होतो. म्हणून आमच्यात एक रीत पडली होती. चाचा आले की खूण म्हणून छत्री गडग्याला रस्त्याच्या बाजूने टेकून ठेवत. डावीकडच्या पहिल्या खिडकीत मी बसत असे, तेव्हा वळण संपताच बाहेर पाहून मी सांगायचे, ‘आहेत.’ चाचा आजारी असले, लेकीने येऊ नको म्हटले, की ‘नाहीत.’ कंडक्टर माझ्या शब्दावर घंटी द्यायचा. एका शब्दाचा हा अधिकार मला मनातून फार आवडायचा. शिवाय रत्नागिरीपासून शेजारच्या जागेवर रुमाल टाकून ती त्यांच्यासाठी राखायचे कामही मीच अंगावर घेतले होते.

त्या मंगळवारी गाडी खच्चून भरली होती. तिघांशी वाद घालून मी ती जागा राखली. एकाने तर मला तोंडावर ‘गाडी विकत घेतलीय काय?’ असे सुनावले. चाचा चढले, नेहमीसारखे झुकले, प्रश्न विचारला, आणि माझे ‘बसा’ पुरे व्हायच्या आत मागे उभ्या असलेल्या, पाटीत सुकट घेतलेल्या एका बाईला म्हणाले, ‘बस गो तू.’ ती बसली. सुकटीचा वास संगमेश्वरपर्यंत माझ्या मांडीवर होता. चाचा दांडी धरून उभे, आणि हसत म्हणतात, ‘बाई, तुमी राखलात ते खरं, पन जागा काय आपली हाय?’ सगळी गाडी हसली. यशवंतभाऊसुद्धा हसले, ज्यांना काही ऐकू आले नव्हते. माझे नाक फार लवकर लाल होते; ते झाले.

बुधवारी मी रुमाल टाकला नाही. वळण संपले. कंडक्टरने माझ्याकडे पाहिले. मी बाहेर पाहिले. सड्यावर पांढरे ऊन होते आणि गडग्याला टेकून ठेवलेली काळी छत्री होती.

मला छत्री दिसली. हे मी इथे स्वच्छ लिहिते आहे, कारण पुढचे कितीतरी दिवस ते मी कुठेच बोलले नाही. वाटले, बसले असतील गडग्याआड, हात करतील आणि येतील ऐटीत. एक दिवस राहू देत मागे. अर्ध्या तासाने दुसरी गाडी आहेच. मी म्हटले, ‘नाहीत.’ टिंग टिंग झाले आणि छत्री मागे मागे जात लहान होत गेली.

ते गडग्याआड छातीवर हात दाबून बसले होते. दहाच्या सुमारास लाकूडफाटा गोळा करणाऱ्या बायकांना दिसले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळे संपले होते. तासभर आधी आणले असते तर, एवढे डॉक्टर म्हणाले म्हणतात, आणि पुढचे वाक्य त्यांनी सोडून दिले.

मी भेटायला गेले तेव्हा नजमाने एकच विचारले. ‘बाई, त्या दिवशी गाडी लवकर गेली काय? अब्बांची गाडी कदी चुकायची नाय.’ मी म्हटले, ‘मला दिसले नाहीत गं.’ तिने मान हलवली आणि माझ्यासमोर चहाचा कप ठेवला. तो चहा मी प्याले याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतरच्या दिवसांत गाडी बदलली. बदलली म्हणजे काय ते मला नीट सांगता येणार नाही. माझ्या शेजारी रुमाल नसे, तरी कोणी बसेना. लोक चढत, त्या जागेकडे पाहत आणि दांडीला धरून उभे राहत. मी स्वतःला समजावले, हा योगायोग. सड्यावरचे वळण आले की मी डोळे मिटून घेई आणि कंडक्टर सवयीने विचारी, ‘बाई, हायत काय?’ मग त्याचे त्यालाच आठवे आणि तो तिकिटांच्या यंत्राशी उगाच चाळा करी.

वैशाखात एका सकाळी गाडी तिथे थांबली. कोणी हात केला नव्हता, घंटी झाली नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, पायच गेला ब्रेकवर. दार उघडले. सड्यावरची गरम हवा आत आली, वाळक्या गवताचा वास आला. कोणी चढले नाही. आणि टक्.

मी ऐकले. मला खरेच भीती वाटली. पण मी ऐकले म्हणून काय झाले. अपराधी माणसाचे कान काहीही ऐकतात. पलीकडच्या बाकावर यशवंतभाऊ पेंगत होते. त्यांनी डोळे उघडले, वाटेत पसरलेले पाय चटकन आत घेतले आणि माझ्या शेजारच्या जागेकडे हात करून नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, ‘बसा की वो! रोज रोज काय इचारताव?’

ज्यांना शेजारी वाजलेला हॉर्न ऐकू येत नाही, त्या माणसाने आपला कान चाचपला. मग माझ्याकडे वळून, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात विचारले, ‘बाई, आता कोन बोललं?’

भुताने रागवावे, मानगुटीवर बसावे, असे आपण ऐकत आलो. ते मी सोसले असते. हे तर परवानगी विचारत होते. मी ज्यांना मागे टाकले, ते माझ्याशेजारी बसायला माझी परवानगी विचारत होते, आणि मला ‘बसा’ म्हणता येईना. मनात एवढेच स्पष्ट होते की नजमाला खरे सांगितल्याशिवाय तो शब्द माझ्या तोंडून निघणार नाही.

संगमेश्वरला उतरले. नजमा मशीनवर होती. चाचांची छत्री खिळ्याला टांगलेली, त्यांचे स्टूल भिंतीशी, आणि त्यांच्या सुया खोवलेली कापसाची उशी तशीच स्टुलावर. मी उभ्याउभ्याच सांगितले. छत्री दिसली होती. दिसली, तरी ‘नाहीत’ म्हटले. रागाने म्हटले. आणि तुझ्याशी खोटे बोलले.

मशीनचे चाक तिच्या तळव्याखाली थांबले. बाहेर कुठल्यातरी गाडीची घंटी झाली. ती म्हणाली, ‘मला रोज वाटायचा, अब्बांनी हाक मारली आसंल नि कोनाला ऐकूच गेली नसंल. तेच काळजात बसलेला.’ मग माझ्याकडे न पाहता, ‘म्हंजे तुमी बघितलात.’

‘हो.’

तिने डोळे पुसले नाहीत, मला जायलाही सांगितले नाही. हात लांब करून स्टुलावरची सुयांची उशी उचलली आणि आपल्या मांडीवर घेतली. ‘उभ्या नका राहू,’ एवढेच म्हणाली आणि पुन्हा मशीन चालू केले.

स्टूल रिकामे होते. मी त्याच्यापाशी गेले, किंचित झुकले, आणि जन्मभर शुद्ध बोलायला शिकवलेल्या माझ्या तोंडून शब्द आले, ‘बसू काय?’

मशीनच्या आवाजात उत्तर आले की नाही, मला कळले नाही. मी उभीच राहिले, दुपारची गाडी येऊन जाईपर्यंत. आता कुठल्याही रिकाम्या जागेपाशी मी आधी विचारते आणि थांबते. गेलेल्या माणसाचे उत्तर पोहोचायला किती काळ लागतो ते कोणी सांगू शकत नाही. आणि मला थांबणे जमते, कारण माझ्यासाठी गाडी अजून कोणी ना कोणी थांबवून धरते.