काल वर केलेले हात

खडकओढा गावाची हद्द ओढ्यावरच्या पुलापाशी संपते. पुलापलीकडे पुणे शहर आणि लगेच शहर पोलिसांची चौकी. अलीकडचा भाग ग्रामीण पोलिसांचा, त्यांचे ठाणे दोन गावे ओलांडून.

कल्याणीची मुलगी निकिता विश्रांतवाडीच्या पुढे फार्मसीचा डिप्लोमा करत होती. बसथांब्यापासून घरापर्यंतची वाट गोदामांमधून जाते. एका संध्याकाळी मोटारसायकलवरच्या दोघांनी तिची ओढणी ओढली. ती पडली, कोपर सोलवटले. पुलापलीकडे समोरच दिसणाऱ्या शहर पोलिसांच्या चौकीत मायलेकी धावत गेल्या.

"कुठं घडलं?" हवालदाराने विचारले.

"गोदामांपाशी."

"मग आमची हद्द नाही. ग्रामीणला जा."

तक्रार कुठेही नोंदवता येते, हद्द नंतर पाहायची असते, असे कायद्यात आहे. चौकीत ते नव्हते. त्या दिवसापासून निकिता कॉलेजला गेली नाही.

त्यामुळे गावाने शहरात, म्हणजे महापालिकेत, जायचे की नाही, यावर सरकारने गावाचे मत मागवले, तेव्हा 'हो म्हणा' असे सांगत फिरताना कल्याणीने वस्तीतले एकही घर सोडले नाही. गाव शहरात गेले की शहर पोलिसांची हद्दही गोदामांच्या पुढे सरकणार होती.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. ती शाळेच्या ओसरीवर झाली. सरपंच महिपतीआबांची चुलती गोदाबाई पुढेच बसली होती. गाव शहरात जावे, हा ठराव वाचून व्हायच्या आत तिचा हात वर गेला. मग सगळ्यांचेच गेले. ग्रामसेवक श्रीनिवास यांनी लिहून घेतले, "एकमताने मंजूर." बायका चहा पिऊन घरी गेल्या. नळाच्या वेळी असेच झाले होते, स्मशानाच्या शेडच्या वेळीही. बायकांचा ठराव दुसऱ्या दिवशी वाचला जायचा आणि पुरुष टाळ्या वाजवून तो पुढे न्यायचे. मत देऊन झाले, अशीच सगळ्यांची समजूत होती. त्यामुळे दुसऱ्या दिवशी बहुतेक जणी कामावर गेल्या. कल्याणीने मार्केट यार्डातल्या फुलांच्या गाळ्यावरून सुट्टी घेतली होती, पण तीही फक्त ठराव ऐकायला.

चावडीसमोर पुरुष दाटीने बसले होते. महिपतीआबा उभे राहिले. गोदामे त्यांची आणि त्यांच्या भावकीची होती, हे सगळ्यांना माहीत होते.

"पोलीस येतील म्हणं. आधी घरपट्टी येईल, ती बी शहराच्या दरानं. आन् पंचायत जाईल ती येगळीच. शेजारचं गाव गेलं, चार वर्सं तिथं नगरसेवकच न्हवता. गटार तुंबलं तर रडायचं कुणाकडं? इथं तुमच्या हातात मत हाय. ते घालवायचंय का?"

यातले काही खोटे नव्हते. शेजारच्या गावाने बिनमताची पट्टी वर्षानुवर्षे भरली होती.

श्रीनिवासांनी महिलांचा ठराव वाचला. "नोंद घेतली," आबा म्हणाले. "आता मतदान. शहरात जायला ज्यांचा विरोध हाय, त्यांनी हात वर करा."

मोजायची गरजच पडली नाही.

कल्याणी उठली. "भाऊसाहेब, आमचे हात कुठं गेले?"

"कुठले हात?"

"कालचे. तुम्हीच लिहिलंत, एकमतानं मंजूर."

श्रीनिवास चष्मा पुसत म्हणाले, "ताई, ती शिफारस असते. मतदान आजचं धरतात."

"हे काल सांगायला काय झालं होतं?"

"काल कुणी विचारलं नाही."

मागून एक जण म्हणाला, "ताई, कालच्या पासवर आज बसमध्ये चढू देत नाहीत!" पुरुष हसले.

"तुझ्या आईनंही काल हात वर केला होता, बाबा. घरी जाऊन तिला सांग हा विनोद," कल्याणी म्हणाली.

हसू थांबले, एवढेच. ती कडेला बसलेल्या गोदाबाईकडे वळली. "आज्जी, काल तुमचा हात सगळ्यांच्या आधी वर होता."

गोदाबाईने पुतण्याकडे पाहिले, पदर नीट केला. "काल पुरुष न्हवते गं," ती म्हणाली.

"आबा, मत घालवू नका म्हणालात ना? मग सभा रविवारी घ्या. बायकांना सुट्टी असते. त्यांच्यासमोर मोजा."

"सरकारला आजच कळवायचंय," आबा म्हणाले. "आन् तुझ्या एकटीच्या पोरीपायी गाव का शहरात घालायचं?"

"काल ओसरीवर मी एकटी होते का?"

श्रीनिवासांनी लिहिले, "बहुमताने विरोध." महिलांची शिफारस त्या कागदाला जोडली गेली.

महिना संपायच्या आत कल्याणीने विश्रांतवाडीत भाड्याची खोली घेतली. गावात स्वतःचे पक्के घर असताना. निकिताची परीक्षा तोंडावर होती, दुसरा उपाय उरला नव्हता. टेम्पोत सामान चढत असताना महिपतीआबा तिथे आले. आवाजात आपुलकी होती.

"चाललीस व्हय? मग मतदारयादीतलं नाव कमी करून घेऊ. तिकडं लावता येईल."

"नाव इथंच राहील, आबा. घर इथं आहे, त्याची पट्टी मी भरते. फक्त माझ्या पोरीला इथं राहता येत नाही."

"राग धरू नगं. पुढची सभा लावली की निरोप देतो."

"द्या. बायकांना आधी सांगून ठेवलंय, त्या दिवशी कामावर खाडा करायचा. आणि पुरुषांसमोर हात वर करायचा. गोदाबाईंनाही सांगितलंय."

"काय म्हनली चुलती?"

"अजून काही नाही."

आबांनी मान हलवली. टेम्पो सुरू झाला तसे ते निकिताच्या बाजूच्या खिडकीपाशी आले.

"सभेला येशील तर आईसंगं उजेडी ये, पोरी. अंधारात गोदामापासची वाट बरी न्हाय."

निकिताने काच वर केली.